उशिराचा आमेन

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ पेन तसंच धरून बसले होते. खोडलं नाही, कारण सवयीने का होईना, खरं आहे. फोन सोडून टपालाने पत्र आलं याचं तुला नवल वाटेल. इथला फोन ऑफिसात, स्पीकरवर, आणि शेजारी घड्याळसाहेब. हे आमचे वरिष्ठ मिशनरी. प्रार्थनेतही त्यांचा एक डोळा मनगटावर असतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. आपली भाषा त्यांना कळत नाही, पण माणूस हसतंय की रडतंय ते कळतं, आणि पहिल्या वर्षी नव्या मिशनऱ्याने फोनवर रडायचं नसतं.

आपल्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याला माझं प्रार्थनापत्र वाचून दाखवतात ना? ‘आपली भगिनी नव्या भूमीत छान रुळली आहे.’ ते घड्याळसाहेब इंग्रजीत लिहितात, मी सही करते. रुळले म्हणजे काय ते ऐक. सभागृहाच्या वरच्या खोलीत राहते. उपासनेला मोजक्या म्हाताऱ्या येतात, त्यातल्या निम्म्या खाली उबदार असतं म्हणून. रस्त्यावर पत्रकं वाटते तेव्हा लोक गोड हसून घेतात आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकतात. सुरुवातीला मी ती उचलून, पुसून पुन्हा वाटायची. आता तिकडे बघतच नाही. उरलेला दिवस वृद्धाश्रमात जातो. चादरी बदलायच्या, नखं कापायची, आणि कुणाचं शेवटचं आलं की हात धरून बसायचं. त्यात मात्र मी तरबेज झालेय. मुलंबाळं लांब असतात, वेळेवर पोचत नाहीत, मग शेवटचा हात माझाच. भाषा शिकवणाऱ्या बाईंनी पाप, तारण, क्षमा हे शब्द पहिल्याच आठवड्यात घोटून घेतले. ‘मला घरची आठवण येते’ कसं म्हणायचं ते अजून शिकवलेलं नाही.

तू उपासनेचं रेकॉर्डिंग पाठवतेस ते मी चादरींना इस्त्री करताना ऐकते. गाण्यांसाठी नाही, पप्पांच्या आमेनसाठी. सगळ्या मंडळीचा आमेन होऊन गेला की एका श्वासाने मागून त्यांचा यायचा, एकटा, खणखणीत. लहानपणी आपण दोघी लाजेने अर्ध्या व्हायचो. तू बाकाखालून मला चिमटा काढायचीस, मी तुला. पप्पांना कसली लाज? ते म्हणायचे, पाळकसाहेब प्रार्थनेत काय मागतात ते आधी नीट ऐकतो, पटलं तर आमेन म्हणतो, शिंप्याने कापड न बघता कात्री चालवायची नसते. पहिल्या काही रेकॉर्डिंगमध्ये तो होता. मग एकदा नव्हता. तुला विचारलं, तू म्हणालीस सर्दी झालीय. नंतर म्हणालीस घसा बसलाय, मागच्या बाकावर बसतात. फोनवर मागितलं की पप्पा नेमके झोपलेले. तुला खोटं बोलणं कधी धड जमलं नाही, ताई, पण इतक्या लांबून सगळं खपतं.

मग गेल्या महिन्यातली ती प्रार्थना. सगळ्यांचा आमेन झाला आणि पाळकसाहेब आशीर्वाद देण्याआधी थांबले. अगदी एक श्वासभर. कुणी खोकलं नाही, बाक वाजला नाही. अख्खी मंडळी सवयीने पप्पांसाठी थांबली होती, आणि ती जागा तशीच रिकामी गेली. माझ्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली, वास सुटला तेव्हा उचलली.

तशीच घड्याळसाहेबांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. घरची वाईट बातमी आधी त्यांच्याकडे येते आणि सांगायची वेळ ते ठरवतात, असा नियमच आहे म्हणे. संस्थेचे पाहुणे येऊन गेले की सांगणार होते. मग माझं सांत्वन म्हणून म्हणाले, तुमच्या बहिणीनेच तशी विनंती केली होती, फार खंबीर बाई आहे. धाकटी हळवी आहे, कळलं तर काम टाकून निघून येईल, आणि आमच्या मंडळीची ती पहिलीच मिशनरी, असं तू कळवलं होतंस.

आले असते, ताई. चप्पल घालायलाही थांबले नसते. ते ठरवणारी तू कोण? पप्पा गेले त्या आठवड्यात मी एका परक्या म्हाताऱ्याचा हात धरून बसले होते, आणि त्याच्या मुलीला उशीर झाला म्हणून मनातल्या मनात तिला बोल लावत होते. पप्पांचा हात कुणी धरला? तूच असशील. त्यांनी माझं विचारलं का? शेवटी काय म्हणाले? ते सगळं तुझ्यापाशी आहे आणि तू तोंडात गुळणी धरून बसलीस. माझी श्रद्धा टिकावी म्हणून तू अख्ख्या मंडळीला खोटं बोलायला लावलंस. आता परत यायलाही मन होत नाही. पप्पांना पुरून आल्यावर तुम्ही सगळ्यांनी ज्या तोंडाने माझं प्रार्थनापत्र ऐकलंत, ती तोंडं मला बघवणार नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पाळकसाहेबांनी माझी साक्ष मागवली आहे, देवाने इथे माझ्यासाठी काय केलं ते, माझ्या आवाजात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उपासनेत लावणार आहेत. मी ती रेकॉर्ड करून पाठवली. रुळल्याचं वगैरे काही बोललेले नाही. पप्पांचं नाव घेऊन त्यांच्या आयुष्यासाठी देवाचे आभार मानलेत आणि प्रार्थना केली आहे. ती संपली की मंडळी आमेन म्हणेल आणि तुम्हाला वाटेल झालं. तेवढी जागा मी सोडली आहे. एका श्वासाने मागून माझा आमेन येईल, एकटा, मोठ्याने. तेव्हा सगळे वळून तुझ्याकडे बघतील, आणि बाकाखालून चिमटा काढायला शेजारी मी नसेन. ते तुला चारचौघांत असं अचानक कळू नये म्हणून आधी कळवतेय. तेवढं तूही माझ्यासाठी करू शकली असतीस.

अजूनही तुझीच,
छोटी