अमेरिकेहून सोनईत आलेला पाव्हणा

१ डिसेंबर १९९७, सोमवार

साक्षरता वर्ग बंद पडून दोन वर्षं झाली, तरी तिथल्या बाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. आक्काबाई, रोज पाच ओळी लिहा, नाहीतर अक्षरं पळून जातील. म्हणून ही वही. सीमाच्या तिसरीच्या वह्यांची कोरी पानं काढून मीच शिवली. कुणाला दाखवायची नाही.

आज केबल आली. केबलवाला गोरक्षनाथ शिडी लावून पत्र्यावर चढला, वायर खिडकीतून आत घेतली. बारा चॅनेल. त्यातलं एक नुसतं कार्टूनचं, लेकराबाळांचं. मी विचारलं, बाबा, हे कुठलं? तो म्हणाला, मावशी, हे अमेरिकेतनं निघालं, मग विलायतेत गेलं, मग जपान-बिपान करत आपल्याकडं आलं. मी म्हटलं, नेवाशात आलं का? न्हाई, म्हणाला, तिथल्या केबलवाल्यानं अजून लावलंच न्हाई. म्हणजे अमेरिका, विलायत, जपान आणि सोनई. मला लई बरं वाटलं.

सूनबाईनं लगेच नियम केला. यशोधरा घोडेगावकडं वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण आहे, एसटीनं घरी यायला साडेसहा होतात. सीमाची चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा फेब्रुवारीत. तोवर पाच ते साडेसहा टीव्ही बंद, सीमानं अभ्यास करायचा, आणि लक्ष मी ठेवायचं. म्हणाली, आत्या, तुमच्या भरवशावर सोडते. मी म्हटलं, सोड निर्धास्त.

३ डिसेंबर

लावला. फक्त वायर नीट बसली का ते बघायला. पाच मिनिटं.

पोस्टमनचा डगला घातलेली एक म्हैस दिसली. सीमा म्हणाली, आज्जे, म्हैस न्हाई, पाणघोडा हाय तो. खांद्याला पिशवी. एक खार त्याची पत्रं पळवते आणि हा मागं धावतो, ढेरी पुढं, पाय मागं. मी बघतच राहिले. अगदी आमचे हे! ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पेरू चोरणाऱ्या पोरांमागं असेच धावायचे, आणि असेच अर्ध्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. सीमा तेव्हा पाळण्यात होती, तिला काय आठवणार. तिनं विचारलं, आजोबा असे होते? मी म्हटलं, रंगानं जरा उजळ.

पाच मिनिटं म्हणता म्हणता सव्वासहा झाले. गणितं राहिली. उद्यापासून नाही.

अडचण एकच. टीव्हीच्या बरोबर वर बाबासाहेबांचा फोटो आहे. पाणघोडा बघायचा तर नजर तिथून जाते.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. सगळे विहारात गेलो, मेणबत्ती लावली. भाषणात सांगितलं, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे. मी सीमाकडं बघितलं नाही. सीमानं माझ्याकडं बघितलं.

टीव्ही लावला नाही. हे खरं लिहितेय.

८ डिसेंबर

शनिवारी लावला नाही, रविवारी सगळे घरी. दोन दिवस कडकडीत उपास घडला. म्हणून आज दोन भाग.

पण ह्याच्यात एक विचार आहे. कार्टून सगळं इंग्रजीत. सीमाला पुढं पाचवीत इंग्रजी लागणारच. लोक शिकवणी लावतात, आमच्या घरी अमेरिकेची माणसं येऊन बोलतायत. इतक्या लांबून आलेल्या पाव्हण्याच्या तोंडावर दार लावायचं का?

१५ डिसेंबर

आज काळजाचं पाणी झालं. यशोधरा आली, चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि पोराचा ताप बघतात तसा टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, गरम कसा लागतोय? मी म्हटलं, दिवसभर ऊन येतं ना तिथं. ती म्हणाली, आत्या, ही भिंत उत्तरंची हाय.

मी चहा टाकायला उठले. एवढ्या शिकल्या-सवरल्या बाईनं टीव्हीला हात लावून बघावं, हे मला पटलं नाही. विश्वास म्हणून काही असतो.

१६ डिसेंबर

उपाय सापडला. माझ्या जुन्या नऊवारीचं फडकं ओलं करून, पिळून, सहाला टीव्ही बंद झाला की त्याच्या पाठीवर टाकायचं. वीस मिनिटांत गार. उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसंच. सीमा म्हणाली, आज्जे, तू लई हुशार हाईस. पोरीला गुणाची पारख आहे.

२९ डिसेंबर

मला इंग्रजी समजायला लागलं. शब्द नाही, पण बोलणं समजतं. मी सीमाला मराठीत सांगत जाते. खार म्हणते, रंभाजीराव, ढेरी सांभाळा. पाणघोडा म्हणतो, थांब गं भवाने, तुझ्या शेपटीचा झाडू करतो. ह्यांचं नाव आयुष्यात तोंडानं घेतलं नाही, पण पाणघोड्याला घ्यायला काय हरकत आहे. सीमा हसून हसून लोळते. तिच्या आजोबांचा तोतरेपणा, बाजारात गेले की पिशवी विसरून यायची सवय, सगळं पाणघोड्याच्या तोंडून सांगून झालं.

म्हणजे भाषा झाली, आणि घराण्याचा इतिहासही झाला. नुसत्या पुस्तकात हे कुठं आहे?

१९ जानेवारी १९९८

शाळेत सराव परीक्षा झाली. गणितात शंभरातले चौतीस. पेपर अवघड होता.

सीमाच्या बापानं, माझ्या भीमराजनं, कारखान्यातून आल्यावर कागद हातात घेतला आणि घडी घालून ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. यशोधरा म्हणाली, दीड तास रोज बसती ना, आत्या? मी म्हटलं, बसती की. खोटं नाही, बसते ती. कशासमोर, ते तिनं विचारलं नाही.

आता कडक व्हायचं. पाच ते सहा गणित. सहा ते सव्वासहा पाणघोडा.

२० जानेवारी

पाच ते सव्वापाच पाणघोडा, कारण नवीन भाग पाचलाच लागतो, हे काल ध्यानात आलं नाही. मग गणित. मग सहाचा, कारण तो ठरलेलाच होता.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावं का, विचार करतेय. वहीला कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

सीमा आली ती थेट पाटी-दप्तर घेऊन माझ्या खोलीत बसली. मी हाक मारली, चल गं, खार आली. ती म्हणाली, आज्जे, आज नको, अपूर्णांक राहिल्यात. मी म्हटलं, एवढा एकच. ती म्हणाली, तू बघ. मी म्हटलं, मला एकटीला गोड लागत नाही. मग उठली बिचारी. माझ्याशेजारी बसली, पण मांडीवर वही होती. हसायच्या जागी हसली, मला बरं वाटावं म्हणून. मला ते कळलं, आणि तरी मी पुढचा भाग लागू दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

टीव्ही गेला.

खार विहिरीत पडली होती, मध्येच बंद करणं जमेना. सहा वाजून गेले. वेळ वाचावा म्हणून मी चालू टीव्हीवरच ओलं फडकं टाकलं. आधी चिर्र झालं, मग फट् झालं. जळक्या रबराचा वास. पडदा काळा, मध्ये एक पांढरा ठिपका, मग तोही गेला.

तेवढ्यात यशोधरा दारात. पाठोपाठ भीमराज. फडकं अजून टीव्हीवर, पाणी टपकतंय. यशोधरानं विचारलं, हे कुणी केलं?

सीमा म्हणाली, मी.

म्हणाली, मी टीव्ही लावला, तापला म्हणून मीच फडकं टाकलं. आज्जी झोपली हुती.

मी घाईनं तांदळाचं ताट मांडीवर ओढून निवडायला बसले होते. झोपलेलं माणूस तांदूळ कसं निवडतं, हे कुणी विचारलं नाही. निवडून झालेले होते, तेच पुन्हा निवडले.

भीमराजनं तिला मारलं नाही. कोपऱ्यात उभं केलं. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि मी खडे शोधत राहिले. एकही सापडला नाही.

उद्या सकाळी सांगायचं. पक्कं.

१० फेब्रुवारी

सकाळी यशोधराची एसटी चुकत होती. घाईत अशा गोष्टी सांगू नयेत.

१३ फेब्रुवारी

भीमराजला सर्दी. उगाच डोक्याला ताप नको.

१८ फेब्रुवारी

परीक्षा चार दिवसांवर. आत्ता सांगितलं तर घरात गोंधळ, पोरीचं लक्ष उडेल. हे तिच्याच भल्याचं आहे. परीक्षा झाली की दुसऱ्या मिनिटाला.

सीमाला बाजूला घेऊन म्हटलं, तू का बोललीस गं तसं? ती म्हणाली, तुला रागावले असते तर तू जेवली नसतीस. मी म्हटलं, शहाणी आहेस.

२२ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा झाली. सीमा म्हणते, बरा गेला. मी विचारलं, बरा म्हणजे? म्हणाली, बरा म्हणजे बरा.

आज सांगणार होते, पण सगळे दमून आले.

२६ मार्च

टीव्ही दुरुस्त होऊन आला. नगरच्या मेकॅनिकनं भीमराजला विचारलं म्हणे, ह्याला आंघोळ घातली काय? भीमराज हसत सांगत होता. सीमा नाही हसली. मीही नाही.

आता राग निवलाय, तर पुन्हा विषय कशाला उकरा.

३० मे

गोरक्षनाथ रस्त्यात भेटला. म्हणाला, मावशी, खूशखबर, पाव्हणा आता हिंदी बोलनार. अमेरिकावाल्यांनी ठरवलंय, ज्या देशात जायचं तिथली बोली बोलायची. मी म्हटलं, मला नसली तरी चालेल, मला इंग्रजीच समजतं. तो म्हणाला, व्हय का? पण असं का बघत होता, कोण जाणे.

८ जून

निकाल लागला. सीमाचा नंबर नाही. सात मार्क कमी पडले. सात मार्क म्हणजे किती गणितं, ते मी विचारलं नाही.

यशोधरानं ठरवलंय, पाचवीला सीमाला नगरला ठेवायचं. सावेडीत सीमाच्या मावशीकडं. भीमराज मान खाली घालून म्हणाला, तू म्हणतीस तसं.

इथं तिचं काय वाईट होतं? मी आहे ना लक्ष ठेवायला.

म्हणजे टीव्हीचा राग अजून पोरीवरच आहे. सांगितलं की सगळं मिटेल. माझ्यावर ओरडतील, चार दिवस तोंड फुगवतील, पण पोर घरात राहील. उद्याच.

११ जून

उद्या नक्की. परवा ती जाणार, म्हणजे आता पुढं ढकलायला जागाच नाही. एका अर्थी बरं.

१२ जून, शुक्रवार

सांगितलं.

यशोधरा ट्रंकेत सीमाचे फ्रॉक भरत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. म्हटलं, सूनबाई, ते फडकं मी टाकलं होतं. टीव्हीपण मीच लावायचे. रोज. पोर नको म्हणायची. तिला ठेव इथं.

ती घडी घालत राहिली. म्हणाली, ठाऊक हाय मला.

मी म्हटलं, कधीपासून? म्हणाली, आत्या, शाळेत साठ पोरं सांभाळते मी. ऐन थंडीत टीव्हीची पाठ रोज ओली लागायची. आणि तुमच्या लुगड्याचं फडकं मला ओळखू येणार न्हाई व्हय?

मग पोरीला का धाडतेस, म्हटलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणाली, टीव्हीपायी न्हाई धाडत. नापास झाली म्हणूनबी न्हाई. ती तुमच्यासाठी खोटं बोलली, आन् तुमी बोलू दिलं. चार महिने मी वाट बघितली, रोज वाटायचं, आज सांगतील. दहा वर्षांच्या पोरीनं तुमाला सांभाळायचं का, आत्या?

मी म्हटलं, मी सांगणारच होते.

ती म्हणाली, तेच तर. आणि ट्रंकेचं झाकण लावलं. लागेना, तर मीच वर बसले.

१३ जून

एसटी वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही. सीमा खिडकीतून म्हणाली, आज्जे, जेवत जा. मी म्हटलं, अभ्यास कर. जवळच्या दोन बायका हसल्या, कशाला ते माहीत नाही.

घरी आल्यावर यशोधरा म्हणाली, आता टीव्ही तुमीच बघा, आत्या, दिवसभर. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणायला पाहिजे होतं.

ठरवलं. दिवाळीत सीमा येईपर्यंत टीव्हीला हात लावायचा नाही.

१५ जून, सोमवार, संध्याकाळचे पाच

आज शाळा सुरू झाल्या. पाच वाजले, दार वाजलं नाही.

पाच दहा. लावला. फक्त हिंदी आलं का ते बघायला.

आलं. पाणघोडा काय बोलतो ते पहिल्यांदा कळलं. भवाने नाही, शेपटीचा झाडू नाही, काही नाही. त्याला एका पत्रावरचं घर सापडत नाही, एवढंच तो म्हणतो. परत परत. खार तर बिचारी त्याला रस्ता दाखवत असते. आवाज पण ह्यांच्यासारखा नाही, कुणीतरी पोरगा आहे.

सीमाला हे सांगायला पाहिजे. पोस्टकार्ड घेऊन बसले आहे. चि. सीमास आजीचा जयभीम. तू गेल्यापासून टीव्ही लावत नाही. एवढं लिहून झालं.

दुसरा भाग सुरू झाला. बाकीचं जाहिराती लागल्या की लिहीन.