धुतलेला झगा

प्रिय लुमी,

तू फोनवर विचारतेस, "बाबा, माझा झगा इसिंगजवळ आहे ना?" मी हो म्हणतो. हाँगकाँगला कामाला जाताना तू अंगावरचा झगा लेकीसाठी न धुता ठेवून गेलीस. आईच्या वासावर पोर झोपतं, ही आपल्याकडची रीत. पण गेल्या महिन्यात मळका दिसला म्हणून मी तो साबणाने धुतला.

इसिंगने तो हुंगला आणि ती म्हणाली, "ही आई नाही." चार वर्षांची पोर नखं कुरतडू लागली. दुपारची झोप उडाली, चटई ओली होऊ लागली. शेजारची पुरामावशी कडाडली, "मास्तर, जन्मभर कविता घोकल्या, अक्कल कुठं ठेवलीत?"

मला कविताच येत होत्या. इसिंगला मांडीवर घेतलं आणि तू शाळेत हात हलवत म्हणायचीस ती नारळाची कविता म्हटली.

"आई पण हात हलवायची?"

"अगदी वल्ह्यासारखे!"

ती हसली. चौथ्या दुपारी तिसऱ्या कडव्यालाच झोपली. आता रोज झोपते, झगा मागतही नाही.

हे वाचून तू सुखावशील आणि रडशीलही, म्हणून पत्र टाकत नाही. झग्याच्या खिशात ठेवतो. घरी आलीस की आधी तोच घाल, एवढं फोनवर सांगेन.

तुझा,
बाबा