टिटवीच्या डबीतलं क्रीम

६ जानेवारी, सकाळी ७
आरशात बघताना आज एकदम नववीचा वर्ग आठवला. शेवटचा बाक, मी आणि टिटवी. सिस्टर फळ्याकडे वळल्या की आम्ही डस्टरवर बोट फिरवायचो आणि खडूची पूड एकमेकींच्या नाकाला लावायचो. खरी पावडर दोघींच्याही घरी आईच्या कपाटात, कुलपात. टिटवी कुजबुजायची, शाई, अगदी फॉरेनची दिसतेस. माझ्या बोटांना कायम शाई, म्हणून मी शाई. तिचा आवाज तसा, म्हणून ती टिटवी. सेहेचाळीस वर्षं झाली. नाकं तीच आहेत.

टिटवीला आता मुलगा परदेशातून क्रीम पाठवतो. काचेची डबी, सोनेरी झाकण. काल म्हणाली, चेहऱ्याच्या बाबतीत मी काटकसर करत नाही बाई, स्वस्त ते दिसतंच. हे माझ्या गालावरच्या डागांकडे बघून.
संकल्प: तोच परिणाम, दहाव्या हिश्शात. पद्धतशीर शोध. घाई नाही, मोह नाही.

१० जानेवारी
लिपस्टिकला पर्याय मिळाला. हुबेहूब तो महागडा मरून. ओठांवर छान. कपावर, रुमालावर आणि यांच्या शर्टाच्या कॉलरवर त्याहून छान. हे म्हणाले, या वयात माझ्यावर कुणी संशय घेईल अशी सोय केलीस, आभारी आहे.
फाउंडेशनचाही पर्याय. चेहरा एका बाईचा, मान दुसऱ्या बाईची. सूनबाई म्हणाली, आई, दिवा लावून बघा ना. लावला. मग बंद केला.

१५ जानेवारी, संध्याकाळी ५
सापडलं!
बाजारातला नॉव्हेल्टीवाला. आधी त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग काउंटरखालून मोठी पांढरी बरणी काढली आणि चमच्याने लहान डबीत क्रीम भरून दिलं. डबीवर ना नाव ना गाव. तो म्हणाला, मावशी, नावाचेच तर पैसे लावतात मोठे लोक, माल तोच. पटलं. साधा, प्रामाणिक माणूस वाटला. बिल मागितलं तर हसला.
सूनबाई फार्मासिस्ट आहे. तिला दाखवलं नाही. तिला लेबल वाचायची सवय. ज्याला लेबलच नाही त्यात ती काय वाचणार.

२ फेब्रुवारी
अठरा दिवस. डाग गेले. पुसट झाले असं नाही, गेले. हे म्हणाले, तुझा चेहरा धुतल्यासारखा दिसतोय. एकोणचाळीस वर्षांत यांनी केलेली ही तिसरी स्तुती.
आता रात्रीबरोबर सकाळीही लावायचं ठरवलं आहे. अर्ध्या परिणामावर समाधान मानणं हा आळस.

८ फेब्रुवारी
शाळेचं पत्र आलं. माजी विद्यार्थिनींचा मेळावा, २६ एप्रिल. कल्पना सुचली आणि हातातला चहा गार झाला.
टिटवीच्या डबीत माझं क्रीम घालायचं. तिला न सांगता. अडीच महिने. मेळाव्यात सगळ्या तिच्या चेहऱ्याचं कौतुक करणार, ती मुलाचं आणि क्वालिटीचं नाव सांगणार, आणि मग मी उठून उभी राहणार. सगळ्या हसतील. टिटवीही हसेल. थोडी उशिरा हसेल.
ही चेष्टा नव्हे. हा प्रयोग आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
प्रयोग सुरू. आमचा चहाचा वार. रिकाम्या डब्या ती मलाच देते, मी त्यात पेनाच्या निबा ठेवते. त्यातलीच एक धुऊन, नॉव्हेल्टीवाल्याकडून आणखी आणलेल्या क्रीमने अर्धी भरून, वास जुळावा म्हणून सेंटचे दोन थेंब घालून नेली. ती चहा टाकायला आत गेली. मी हात धुऊन येते म्हणून बेडरूममध्ये. तिची डबी पर्समध्ये, माझी तिच्या आरशापुढे. वीस सेकंद. आरशात माझा चेहरा दिसला. इतका पांढरा की क्षणभर कोण आलंय ते कळेना.
तिचं खरं क्रीम पुरावा म्हणून माझ्या कपाटात.

२४ फेब्रुवारी
छापखान्यात गेले होते. गेली बावीस वर्षं त्यांच्या प्रमाणपत्रांवर नावं मी लिहिते. सिस्टरांनी पट्टी मारून घटवलेलं अक्षर. मालकांनी आज एक प्रमाणपत्र उजेडात धरलं आणि म्हणाले, मॅडम, ही रेघ जरा हलल्यासारखी वाटते. मी म्हटलं, कागद शोषतो हल्लीचा. ते म्हणाले, कागद तोच आहे.
नवी निब आणली.

५ मार्च, गुरुवार
टिटवीचं तेज बघवत नाही! तिच्या मजल्यावरच्या सगळ्या विचारताहेत म्हणे. ती गाल पुढे करून म्हणाली, बघ शाई, पैसा बोलतो. मी चहात तोंड लपवलं. डबीत भर घातली. ती म्हणाली, हल्ली माझी डबी संपतच नाही गं, बरकत आहे मुलाच्या हाताला.
जिन्यावर एकटीच हसले. मग दम लागला म्हणून बसले.

१४ मार्च
तोंडाला सतत नाणं चोखल्यासारखी चव. चमचे बदलले. झोप नाही, गादी फिरवून घातली. दात घासताना रक्त, ब्रश नवा आणला. सूनबाईने टॉवेल चुकीच्या दांडीवर वाळत घातला म्हणून तिच्यावर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हे म्हणाले, टॉवेल गेला का कुठे? वय आहे. होतं असं.
चेहरा मात्र उत्तम.

२१ मार्च
लग्नातली अंगठी पांढरी पडली आहे. आधी एक ठिपका होता, आता निम्मी. चांदीसारखी. सोनार मला शहाणपण शिकवायला लागला. म्हणाला, बाई, सोनं चोख आहे, त्याला काहीतरी लागलंय, तुम्ही कशात हात घालता? मी म्हटलं, माझ्या संसारात. एकोणचाळीस वर्षांनी फसवणूक उघडी पडली तर असंच बोलणार तो. दुकान त्याच्या बापाच्या वेळचं, म्हणजे फसवणूकही पिढीजात.

२ एप्रिल, गुरुवार
टिटवीच्या पायांना सूज. चप्पल जाईना. बोट दाबलं की खड्डा राहतो, तो भरून यायला वेळ लागतो. ती हसून म्हणाली, बघ, कणीक झालेय माझी. मी सांगितलं, पाय उशीवर ठेव, मीठ कमी कर. तिने ऐकलं. शाळेतही ती माझं सगळं ऐकायची.
भर घातली. आता मध्येच थांबलं तर प्रयोगाला अर्थ नाही.

११ एप्रिल
छापखान्याच्या मालकांनी उरलेला गठ्ठा परत मागितला. या महिन्यात कॉम्प्युटरवर काढतो म्हणाले. वर म्हणाले, मॅडम, एकदा डॉक्टरांना दाखवा ना हात. मी म्हटलं, टेबल डगमगतं माझं. यांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. मग दुसऱ्या पायाखाली. मग टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. पाणी हललं नाही. मी पेन धरलं तेव्हा हे दुसरीकडे बघायला लागले.
गठ्ठा परत दिलेला नाही. सहा नावं राहिली आहेत, ती मीच लिहिणार.

२६ एप्रिल, रविवार, दुपारी ३
मेळावा. टिटवी आली नाही.
फोनवर म्हणाली, चेहरा सुजलाय गं, डोळे उघडत नाहीत नीट, अशी कशी येऊ, सगळ्या काय म्हणतील. मी म्हटलं, गॉगल लाव. ती हसली. मग म्हणाली, माझी खुर्ची धरून ठेव हं.
धरली. सगळ्यांनी माझ्या चेहऱ्याचं कौतुक केलं. एकजण म्हणाली, पण तू अशी थरथरतेस का, थंडी वाजते का? भाषण केलं नाही. प्रयोगाचा मुख्य विषय गैरहजर असताना निष्कर्ष मांडणं बरोबर नाही.

४ मे
टिटवी हॉस्पिटलमध्ये. किडनी, म्हणे. तिच्या आईलाही काहीतरी होतं लघवीचं, मला पक्कं आठवतं. घराण्यातच असणार.
पुराव्यातलं खरं क्रीम सध्या माझ्या टाचांना लावते. टाचांना काडीचा फरक नाही. सांगा आता, कुठलं भारी?

७ मे, सकाळी ११
तिचा मुलगा आला आहे. दाढी वाढलेली, बॅग अजून कोपऱ्यात तशीच. मला वाकून नमस्कार केला, मावशी, तुम्ही आहात म्हणून आईची काळजी नसते म्हणाला.
डॉक्टर आल्या. तरुण बाई, बोलणं तुटक. किडनीला कशाचा तरी मार बसतोय, कशाचा ते सापडत नाही. सापडलं नाही तर तो बंद कसा करणार. गावठी औषध? झाडपाला? पावडरी? क्रीम? टिटवी सुजलेल्या तोंडाने म्हणाली, डॉक्टर, मी एकच क्रीम लावते, मुलगा पाठवतो, इम्पोर्टेड. स्वस्तातलं आयुष्यात लावलं नाही. मुलगा मोबाइलवर कंपनीचं पान दाखवत होता. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली, कागदावर काट मारली.
मी सांगणार होते. पण राउंडची घाई असते त्यांना. शिवाय क्रीम त्वचेवर लावतात, किडनी पोटात असते.

९ मे, दुपारी
टिटवीचा फोन. घरून माझी डबी आण ना, आरशात बघवत नाही. किल्ली शेजारी आहे.
बेडरूममध्ये दोन डब्या. एक सीलबंद, मुलाने परवा आणलेली. एक माझी. कितीतरी वेळ उभी होते. सीलबंद न्यावी असं मनात आलं. पण उघडलेली असताना नवी फोडली तर ती विचारेल, अगं, ही का? विचारलं असतं तर काय सांगणार होते?
माझी नेली.
तिच्या बोटांना सूज, झाकण निघेना. तूच लाव ना म्हणाली. डोळे मिटून चेहरा वर केला. मी लावलं. कपाळ, गाल, हनुवटी. कातडी ताणून गुळगुळीत झालेली, फुग्यासारखी. ती म्हणाली, तुझा हात किती गार आहे शाई, आणि किती हलतोय. मी म्हटलं, एसी आहे. ती म्हणाली, पाय दुखले असतील तुझे, बस थोडी.
बसले नाही.

१० मे, संध्याकाळी ६
सूनबाई भाजी निवडता निवडता थांबली. आई, अंगठी बघू. मी म्हटलं, सोनाराने फसवलं. ती म्हणाली, क्रीम कुठलं लावता तुम्ही? तिच्या आवाजात टॉवेलचा राग नव्हता, काहीच नव्हतं. डबी आणून दिली. तिने हातात घेतली नाही, ताटात ठेवायला सांगितली.
म्हणाली, यात पारा असणार. असल्या बिननावाच्या क्रीममध्ये सापडतो, आमच्या दुकानात सूचना येतात. रंग उजळतो. सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. हात थरथरतात, झोप जाते, चव बिघडते, चिडचिड होते. किडनी जाते.
एक एक बोट मोडत होती. मला वाटलं, ही माझी वही वाचत्ये.
मग तिने विचारलं, आई, आणखी कुणाला दिलंत का?
मी म्हटलं, नाही.

११ मे, सकाळी ६.४०
सूनबाई दूध तापवत होती. तिच्या पाठीला सांगितलं. तिने गॅस बंद केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. चपला घालून दारात उभी आहे, म्हणाली, चला. मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. तोंडाने मला जमणार नाही. सात तारखेला जमलं नव्हतं, नऊला नाही, काल तर घरच्या घरी जमलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

माझी बिननावाची डबी: डॉक्टरांना. झाकणासकट, पिशवीत.
टिटवीच्या उशाशी असलेली सोनेरी झाकणाची डबी: तीही डॉक्टरांनाच. आत्ता, सगळ्यात आधी. सूनबाईने फोन करून नर्सला उचलायला सांगावं, आम्ही पोचायची वाट बघू नये.
सीलबंद डबी: टिटवीच्या मुलाला. ती त्याची आहे. त्याच्या क्रीममध्ये काहीही दोष नव्हता, हे त्याला माझ्यासमोर सांगावं.
माझ्या उशीचा अभ्रा, टॉवेल, पावडरचा पफ: सूनबाईला, हातमोजे घालून. यांच्याही तपासण्या करून घ्याव्यात. एकाच उशीवर झोपतो.
नॉव्हेल्टीवाल्याचा पत्ता: सूनबाई सांगेल त्याला. बरणी मोठी होती. मी एकटी गिऱ्हाईक नसणार.
प्रमाणपत्रांचा गठ्ठा: छापखान्यात. सहा नावं कोरी आहेत. कारण विचारलं तर टेबल सांगू नये.
ही वही: डॉक्टरांना. कधीपासून, किती वेळा, कोणत्या गुरुवारी, सगळं यात आहे. माझं निदान खोटं आहे, तारखा खऱ्या आहेत.
डॉक्टरांचं झालं की टिटवीला. ती शुद्धीत, बसती असेल तेव्हा. मुलाने वाचून दाखवावं, काहीही गाळू नये.
मी: वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर. तिने बोलावलं तर आत. नाही बोलावलं तर तिथेच.