बंबामागची खुडूक

३ नोव्हेंबर १९८७, अंबरनाथ

आजही अंडं नाही! डॉक्टरांनी कुमूला रोज एक सांगितलंय, म्हणून तर कामवाल्या तुळशीकडून ही तांबडी कोंबडी घेतली. सुरुवातीला शहाण्यासारखी खुराड्यात घालायची. आता कुठे लपवते देव जाणे. कोळशाचं पोतं हलवलं, कण्हेरीत वाकून पाहिलं — कंबर धरली. हे पेपरामागून म्हणाले, "पोलिसात कळव."

कुमू हसली नाही. सातव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. तेव्हापासून माझी मुलगी रडलीसुद्धा नाही. विचारलं की, "बरी आहे गं." एवढंच.

५ नोव्हेंबर

सापडली! कुमूलाच. मागच्या पडवीत, पाणी तापवायच्या जुन्या बंबामागे, राखेत खळगा करून अंड्यांवर बसलीय. मी हात घातला तर पिसं फुलवून टोचलंच मला.

तुळशी भांडी टाकून आली. "खुडूक झाली, बाय. नाकात पीस घाला तिच्या, नायतर पान्यात बुचकला. दोन दिसांत उठंल."

पीस उपटलंसुद्धा तिने! तेवढ्यात कुमू मध्ये आली. "तिला कुणी हात लावायचा नाही."

किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला. तुळशीने पीस टाकून दिलं.

८ नोव्हेंबर, रविवार

जावई आले, कॅम्प चारच्या त्यांच्या घरून. चिकू आणले होते. कुमू बंबापाशी पाटावर बसलेली. श्यामकांत दारात उभे राहिले नुसते. मग मला हळूच — "आई, कधी पाठवताय? घर खायला उठतं हो."

आमटी वाढली आणखी.

९ नोव्हेंबर

उठत नाही. दोघीही.

११ नोव्हेंबर

कुमूने माझं मऊ पातळ फाडून कोंबडीखाली सारलं. बाळाला गुंडाळायला काढून ठेवलं होतं ते.

खरं ते तिला सांगायला हवं. आपल्याकडे कोंबडा कुठाय? शेजारीपाजारीही नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर ॲग्नेस कोंबड्या पाळायच्या, कोंबडा वेगळा कोंडायच्या. "तो नसेल तर पिल्लं नाहीत, मुलींनो!" आम्ही तोंडावर हात दाबून हसायचो. किती लहान होतो! सिस्टरांच्या झग्याला दाण्याचा वास यायचा.

या अंड्यांतून काहीच निघायचं नाही. पोरगी वाट बघत बसलीय. हे तिला मी कुठल्या तोंडाने सांगू?

१३ नोव्हेंबर

तुळशीशी बोलले. म्हणाली, "पाड्यावरनं पिल्लं आनते चार. अंडी काढू, पिल्लं पोटाखाली सारू. ताईला काय कलतंय!"

फसवणूकच ही. पण "आण" म्हणाले. दुसरं सुचत नाही.

१४ नोव्हेंबर

तुळशी टोपली घेऊन आली आणि पिल्लं चिवचिवली. कुमूने टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपल्याकडे कोंबडा नाही, हे मला कळत नाही का, आई?"

"मग रोज तिच्यापाशी का बसायचीस गं?"

"सगळे तिला उठवायलाच बघत होते." मग कोंबडीकडे बघून — "तिची अंडी रिकामी आहेत. माझं रिकामं नव्हतं. मुलगी होती. पाय मारायची."

मुलगी होती! मी विचारलंच नव्हतं.

तिथेच राखेत बसली आणि रडली. रडू दिलं.