शेळी पहिल्याच हाकेला आली

औरंगाबाद,
१० डिसेंबर १९८६

तीर्थरूप आवडाक्काच्या पायांवर धाकट्या सुगंधाचं डोकं. (पाय मागं घेऊ नकोस, पत्रातलं डोकं आहे, जड होणार नाही.)

दाजींचा खोकला कसा आहे? कापसाच्या दिवसांत वाढतो, म्हणून विचारते. मी अगदी मजेत आहे. खोली हवेशीर आहे. घरमालकीण भागूबाई दिवसातून दोनदा जेवलीस का म्हणून विचारतात, उत्तराला थांबत नाहीत. माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, त्याचं मला काही वाटलेलं नाही. तू खुलताबादच्या त्या बिजवराला घेऊन मला दाखवायला माझ्या दारात उभी, आणि मी दाराला कुलूप घालून सिनेमाला गेलेली, हे कुठलीही बहीण दीड वर्ष लक्षात ठेवील. तेव्हा ते राहू दे, गंमत सांगते.

गेल्या रविवारी आमच्या कचेरीची सहल म्हैसमाळला गेली. खुलताबादपर्यंत एस.टी. आणि पुढं डोंगर पायी, असा बेत आमच्या हेडक्लार्क कारभारी साहेबांनी आखला. गाडीत दोघादोघांची बाकं. सगळे जोडीनं बसले, माझ्या शेजारी चहाचा स्टोव्ह आला. वळणावळणाला मी त्याला धरत होते, तेवढीच सोबत. चढताना साहेबांनी माहिती दिली की हा सगळा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा, थरावर थर निवून झालेला. आमच्या शिपाईण सारजाबाई, ज्यांच्या डोक्यावर तेव्हा तो स्टोव्ह होता, जागीच थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, डोंगराच्या पोटात जाळ हाय म्हणता, मंग ह्यो स्टो मी कशापायी वाहायले?" साहेब म्हणाले, तो जाळ कधीच विझला. सारजाबाईंनी खात्रीसाठी चप्पल काढून पाय टेकवला आणि निकाल दिला की गारच आहे, त्यांच्या मालकांसारखा. मीही हसले. पण नंतर सगळी चढण एकच गोष्ट मनात घोळत राहिली, की वरून गार झालेलं आत कुठवर गार असतं, हे पाय टेकवून थोडंच कळतं?

वर कड्याच्या टोकाला पॉइंट आहे. खाली मुलूखच्या मुलूख पसरलेला, शेतं गोधडीच्या ठिगळांएवढी. तिथं हाक मारली की परत येते. मग काय, कुणी बायकोला हाक मारली, कुणी पोरांना. साहेबांनी स्वतःचंच नाव पुकारलं, आणि दरीनं त्यांना एकेरीत बोलावल्यावर चेहरा पाडून मागं सरले. माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. नाव एकच होतं, पण चारचौघांत निघेना. सगळे झाडाखाली जेवायला गेल्यावर मी मागं राहिले, सिल्लोडकडं तोंड केलं आणि असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडले, "आवडेऽऽ!" (नुसतं अक्का म्हटलं असतं तर कुणाची अक्का वळली असती कोण जाणे. नाव घेतल्याबद्दल माफ कर.)

दरीनं काय परत दिलं ते ऐकायला मिळालंच नाही. झुडपातून एक काळी शेळी धावत आली आणि तू दिलेल्या जांभळ्या इरकलीचा पदर तोंडात धरून उभी राहिली. मागोमाग काठी टेकत बानाबाई, साठीच्या धनगरीण. माझ्या आवडीला कोण हाका मारतंय, असं त्यांनी दरडावून विचारलं. मी म्हटलं, शेळीला नाही हो, बहिणीला, सिल्लोडला असते.

"सिल्लोड तुमच्या पाठीमागं ऱ्हायलं, बाई. ह्यो वैजापूरचा मुलूख."

तर अक्का, मी तुला वैजापूरच्या दिशेनं हाक मारली. मग आम्ही दोघी खडकावर बसलो. माझी भाकरी अर्धी अर्धी खाल्ली, पदर शेळीनं एकटीनं खाल्ला. बोलता बोलता मी सांगून बसले की बहिणीला दोन पत्रं टाकली, तिची ओ नाही. बानाबाईंना यात नवल असं काही वाटलं नाही.

"दोनच ना? मंग कशी देईल ओ? शेळीला काय ठावं, ती पयल्याच हाकंला येती."

तेव्हा आठवलं. ज्वारीच्या राखणीला जाताना तूच शिकवलं होतंस, रानात नाव घेऊन कुणी बोलावलं तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, पहिल्या दोन भुताच्याही असतात. मी ताटांत लपून तुला हाका मारायची. दोन हाकांना तू कधी फसली नाहीस, आणि तिसरीला कधी चुकली नाहीस.

बाकी मंडळी मला विसरून खाली उतरली होती. मी नसल्याचं खुलताबादच्या स्टँडवर कळलं, तेही सारजाबाईंना, कारण स्टोव्ह धरायला कुणी नव्हतं. बानाबाईंनी मला पाऊलवाटेनं आणून सोडेपर्यंत त्या गाडीच्या दारात पाय रोवून उभ्या होत्या.

इथं मला कशाचीच उणीव नाही. दाजींना नमस्कार.

तुझी,
सुगंधा

ता. क. वर दोन ठिकाणी मी मजेत असल्यासारखं लिहिलं आहे, ते वाचू नकोस.

आणखी एक. त्या दिवशी मी सिनेमाला बसलेच नव्हते. गल्लीच्या कोपऱ्यावरून बघत होते. तू रिक्षात बसताना मी तोंड उघडलं, पण हाक निघाली नाही.

शेवटचं. हे तिसरं पत्र आहे. मोजून बघ, आणि ओ दे.