कोड्यापाशी तुम्ही दोघं

अण्णा,

तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता पंधरा वर्षांनी मोठी आहे, तरी एक राग अजून गेलेला नाही. राग म्हणणंही खरं नाही. हेवा आहे तो, आणि तुमचा नाही, काकाचा.

मुलुंडच्या आपल्या दोन खोल्या. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, मी दहा वर्षांची. तुम्ही फोर्टातल्या ऑफिसातून येता, हातपाय धुता, आई चहा देते आणि कप हातात घेऊन तुम्ही थेट खिडकीखालच्या चटईवर बसता. समोर काका. तुमचा धाकटा भाऊ, तिशीचा, बिनलग्नाचा. छापखान्यात वापरलेले अक्षरांचे खिळे परत आपापल्या खणांत टाकायचं काम करायचा आणि मालक म्हणायचे, याची चूक होत नाही. तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसे. पानात भाताला वरण लागलेलं चालत नसे, वाटी वेगळी लागे. शेजारीण त्याला वेडा म्हणाली तेव्हा आई तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती. त्याच्या या स्वभावाला एक नाव आहे हे तेव्हा आपल्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी साप्ताहिक यायचं, त्यातलं शब्दकोडं तो आधी नुसतं बघत बसे. मग म्हणे, "दादा, आडवा सात." शब्द तो सांगे, तुम्ही पेन्सिल घेऊन लिहायचात. लोक बक्षिसासाठी कोडी भरून धाडायचे, तुम्ही दोघांनी एकही धाडलं नाही. बाकीच्या दिवशी ती चित्र जुळवायच्या लाकडी तुकड्यांची पेटी. तुमच्या ऑफिसातला साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला होता. बंदराचं चित्र काकाला इतकं पाठ झालं की तो तुकडे उलटे टाकायचा, चित्र खाली आणि कोरी बाजू वर, आणि नुसत्या कडांवरून जुळवायचा. एखादा तुकडा खटकन बसला की तो हसे. तुम्हीही हसायचात. माझ्याशी बोलताना तुमचा तो चेहरा मी कधी पाहिला नाही.

गणितात पहिली आले ते प्रगतिपुस्तक घेऊन मी तुमच्यापाशी उभी राहिले, आठवतं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब गं, त्याचं अडलंय." मी थांबले. मग आईकडे गेले. सही आईनेच केली.

पुढच्या शनिवारी अंक आला तेव्हा घरात मी एकटीच होते. दौत उघडली, टाक बुडवला आणि सगळ्या चौकोनांत मनाला येतील ती अक्षरं भरली. काकाने पान उघडलं. ओरडला नाही. कपाळावर तळवा मारत पुढेमागे झुलत राहिला. जेवला नाही. सोमवारी छापखान्यातही गेला नाही, आणि त्याचा खाडा तोवर कधीच झाला नव्हता. मला तुम्ही गॅलरीत नेलंत. मार बसणार असं वाटलं होतं.

"तुझ्यापाशी शाळा आहे, मैत्रिणी आहेत, दिवसभराच्या गप्पा आहेत," तुम्ही म्हणालात. "त्याच्यापाशी एवढंच आहे."

"मग मलाही बसवा ना तिथे!"

"तुला कुठे आवडतं ते?"

तुम्ही विचारलं नव्हतंत, ठरवून टाकलं होतंत. त्याच आठवड्यात रजा टाकून, रणरणत्या उन्हात, तुम्ही तोच अंक शोधत हिंडलात. भांडुप, विक्रोळी, शेवटी घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर मिळाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. काकाने अंक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, उभा एक." त्या दिवशी मला अपराधी वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी अण्णा कधी घाटकोपरला उतरले?

पुढे मोठी झाल्यावर मी मनाची समजूत घातली की ते तुमचं कर्तव्य होतं. बिचारा भाऊ, त्याला कोण बघणार, म्हणून तुम्ही बसायचात. ही समजूत मला सोयीची होती, खूप वर्षं टिकली. माझ्या नातवाने ती मोडली. तो अठ्ठावीसचा आहे, डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं लहानपणीच सांगितलं. रविवारी त्याचे तीन मित्र येतात, त्याच्यासारखेच, नोकऱ्या करणारे. जेवणाच्या टेबलावर हजार तुकड्यांचं चित्र मांडतात आणि तासन्‌तास बसतात. बोलणं फार नाही. मध्येच एखादा "झकास!" म्हणतो. मी परवा विचारलं, "याने तुम्हाला बरं वाटतं का रे?" नातू म्हणाला, "आजी, औषध आहे का ते? मजा येते. तू सिरियल बघतेस ना, तुला कोण विचारतं?"

मला एकदम तुमचा चेहरा आठवला. कर्तव्य करणाऱ्याचा नव्हता तो. तुम्हालाही मजा येत होती, अण्णा. दिवसभर साहेबांपुढे मान तुकवून आलेला माणूस तिथे कुणाशी काही न बोलता सुखात असायचा, आणि ते सुख देणारा काका होता, मी नव्हते. एवढी वर्षं काकाची कीव करून मी हा हेवा झाकला होता. कीव गेली. हेवा आहे तसाच आहे.

हे पत्र मी घडी करून वहीत ठेवणार आहे, कुणाला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तो दुसरा अंक मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही आणि आई दहिसरला लग्नाला गेला होतात. काकाने पेटी उघडली, तुकडे पालथे घातले, मूठभर तुकडे तुमच्या जागेकडे सरकवले आणि भिंतीकडे बघत मला म्हणाला, "बस." मी म्हटलं, "मला नाही खेळायचं," आणि खाली खेळायला निघून गेले. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. आणि मी, तुम्हाला, पुढे नवऱ्याला, मुलांना, साठ वर्षं सांगत आले की त्या चटईवर मला कुणी कधी बोलावलंच नाही.