मोरीतला फेस

शास्त्रज्ञबाई,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मागच्या गल्लीत कुणाचा तरी पाइप फुटलाय, तिकडे जातोय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून खा.

काल तू व्हिडिओ बघून बाथरूमच्या मोरीत सोडा आणि व्हिनेगर ओतलंस. फेस झकास आला, पण पाणी होतं तिथेच राहिलं. मग म्हणालीस, "बाबा, गावभरच्या मोऱ्या तुम्ही मोकळ्या करता आणि आपलीच तुंबलेली! आई असती तर चांगली खरडपट्टी काढली असती." मी उठून बाहेर गेलो. तुझा राग आला नव्हता.

सोड्याने वरचा चिकटा सुटतो, केसांचा गुंता सुटत नाही. जाळीखाली केस आहेत. तुझे कानापर्यंतच आहेत आणि माझ्या डोक्यावर काय उरलंय ते तू बघतेसच. ते आईचे आहेत. ती गेल्यापासून रोज आंघोळीला पाणी साचतं. रोज मी पाना घेऊन मोरीपाशी बसतो आणि तसाच उठतो.

व्हिडिओतली दुसरी युक्ती, त्या पावडरीची, आज करून बघणार होतीस ना? ती करू नकोस. ती खरी आहे. तिने केस विरघळून जातात.

संध्याकाळी आल्यावर मी जाळी काढतो. तू बॅटरी धर. आणि एक स्वच्छ रुमाल काढून ठेव.

बाबा